लॉकर देशी की फॉरेनचा? आधी भट्टीचं बोला

पावसाळा तोंडावर आला, गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेची चर्चा सुरू झाली की ऑफ-रोडिंगवाल्यांत एक भांडण हमखास पेटतं : डिफरन्शियल लॉकर, म्हणजे अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारा भाग, देशी घ्यायचा की इम्पोर्टेड? एक गट म्हणतो, देशी लॉकर पहिल्याच चढाला दात गाळतो. दुसरा म्हणतो, ऑस्ट्रेलियाचा शिक्का असलेल्या खोक्याला लाखभर रुपये मोजणं म्हणजे निव्वळ शोबाजी. पहिल्याकडे तुटलेल्या गिअरचा एक फोटो असतो, दुसऱ्याकडे न तुटलेल्या गाडीचा. दोघांच्या तोंडी देशाचं नाव असतं. पोलादाचं, भट्टीचं, शिमचं (जुळणीच्या पातळ चकतीचं) नाव कोणी काढत नाही. या वादात माझी बाजू सरळ आहे. मागच्या अॅक्सलला, लीफ स्प्रिंगच्या जीप किंवा जिप्सीला, साधारण ३१ इंचांपर्यंतच्या टायरवर भारतात बनलेला लॉकर बेलाशक घ्यावा. मात्र बनवणारा पोलादाची ग्रेड, हार्डनेस आणि केस डेप्थ, म्हणजे वरच्या कडक थराची जाडी, लिहून देत असेल तरच. पुढच्या अॅक्सलला लॉकर हवाच असेल, तर हवा तेव्हा लागणारा आणि हवा तेव्हा सुटणारा, नामांकित कंपनीचा आयात केलेला घ्यावा आणि तिथे पैसे वाचवू नयेत. हे 'थोडं तुमचं, थोडं आमचं' असं मांडवली करणं नाही. दोन्ही अॅक्सलवर येणारा ताणच वेगळा आहे, म्हणून उत्तरही वेगळं आहे.

आधी ताणाचा हिशेब. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दोघांना सारखाच देतं. एक चाक हवेत लटकलं की ते फिरवायला जवळपास शून्य टॉर्क पुरतो, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही शून्यच मिळतो आणि गाडी जागेवर राहते. लॉकर दोन्ही हाफ-शाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, एकत्र बांधतो. आता समजा इंजिन १०० न्यूटन-मीटर देतंय. पहिला गिअर ३.६, फोर-व्हीलसाठीच्या ट्रान्सफर केसचा लो गिअर २.२५ आणि अॅक्सलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरजोडीचा रेशो ३.७५. गुणाकार करा : घर्षण सोडलं तर चाकांपर्यंत तीन हजार न्यूटन-मीटर पोचतात. चारही चाकं सारखी टेकलेली असतील तर एकेका शाफ्टवर साडेसातशे. मागे लॉकर आहे आणि मागचं एक चाक हवेत, तर दुसऱ्या शाफ्टवर दीड हजार. पुढची दोन्ही चाकं चिखलात नुसती फिरत असतील, तर तीनच्या तीन हजार मागच्या एकाच शाफ्टवर. टायर घसरला तर शाफ्ट वाचतो, कारण टायरची पकड संपली की टॉर्कही संपतो. पण तोच टायर बेसॉल्टच्या फटीत अडकला की घसरायला जागा उरत नाही. मग सुटतो तो साखळीतला सर्वांत कच्चा दुवा. तो दुवा लॉकरच असेल असं नाही. 'देशी लॉकर तुटला' म्हणून दाखवलेल्या फोटोत पुष्कळदा लॉकर धडधाकट असतो आणि शाफ्टच्या टोकाच्या खाचा, म्हणजे स्प्लाइन, जिलेबीसारख्या पिळलेल्या असतात.

आणि डिफ-लॉक ही काही सातासमुद्रापारची जादू नव्हे. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या कुठल्याही ट्रॅक्टरवर चढून बघा, टाचेखाली त्याचं पेडल सापडेल. एक चाक सरीत फिरायला लागलं की शेतकरी क्लच दाबतो, चाकं थांबू देतो, मग टाच देतो. बांधाशी वळायच्या आधी सोडतो. वळणावर लॉक लावून ठेवलं तर काय होतं, हे त्याला कुठल्या प्रशिक्षण शिबिरात जाऊन शिकावं लागलेलं नाही. फोर्स मोटर्सच्या 'गुरखा' गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे कारखान्यातूनच लॉक येतात. ती कंपनी पुण्याच्या आकुर्डीची. ज्या पट्ट्यातून फोर्जिंग, गिअर आणि अॅक्सलचे भाग जगभर निर्यात होतात, त्याच पट्ट्यातल्या माणसाने 'आपल्याकडचं पोलाद टिकत नाही' म्हणावं, याला काय म्हणायचं?

पण इथेच आयातवाल्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा येतो आणि तो खरा आहे. ट्रॅक्टरचा किंवा गुरख्याचा लॉक आणि सुट्टा विकत मिळणारा देशी लॉकर यांची तुलनाच चुकीची, असं ते म्हणतात. कारखान्यातला लॉक आख्ख्या अॅक्सलसकट आखलेला असतो, हजारोंच्या संख्येने बनतो, चाचणीच्या बाकावर मोडेपर्यंत फिरवला जातो. सुटा देशी लॉकर एखाद्या छोट्या शेडमध्ये वीस-पंचवीस नगांच्या लॉटमध्ये बनतो. पहिला लॉट उत्तम निघतो, त्याची तारीफ होते, आणि तिसऱ्या लॉटमध्ये दात उडतात. हे घडतं. का घडतं, ते मात्र कोणी विचारत नाही.

त्याचं कारण बहुतेक वेळा भट्टीत सापडतं. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा धार कडक झाली पाहिजे आणि पाठ लवचीक राहिली पाहिजे, एवढं त्याला कळतं. लॉकरच्या दातालाही तेच हवं. २०एमएनसीआर५ किंवा ईएन३५३ सारखं केस-हार्डनिंगचं पोलाद घ्यायचं, दात कापायचे, मग ९२०-९३० अंश सेल्सियसच्या भट्टीत कार्बन शोषू द्यायचा, तेलात विझवायचं आणि दीडशे-दोनशे अंशांवर पुन्हा तापवून टेम्पर करायचं. पृष्ठभागाचा हार्डनेस ५८ ते ६२ रॉकवेल सी, गाभा ३० ते ४० च्या दरम्यान, आणि कडक थराची जाडी म्हणजे केस डेप्थ पाऊण ते सव्वा मिलिमीटर. आता छोट्या उत्पादकाची अडचण बघा. त्याची स्वतःची भट्टी नसते. तो वीस नग जॉब-वर्कला देतो, तिथे दर किलोवर ठरतो, आणि ते नग दुसऱ्या कोणाच्या तरी पिना-बुशांच्या लोडमध्ये टाकले जातात. त्या पिनांना अर्धा मिलिमीटर केस पुरते, म्हणून भट्टीची वेळ तेवढीच लावलेली. कार्बन आत झिरपण्याचा नियम असा की खोली दुप्पट हवी तर वेळ चौपट लागतो. चौपट वेळ म्हणजे वाढीव बिल. मग लॉकर अर्ध्या मिलिमीटरच्या सालीवर बाहेर येतो. दिसायला चकचकीत, कानस मारली तर घसरते, सगळं ठीक. सहा महिन्यांनी दाताच्या तोंडावरची साल आत दबते, पापुद्रे निघतात आणि ते पापुद्रे बेअरिंगमध्ये जातात.

दुसरी चूक उलट्या टोकाची. 'जास्त कडक म्हणजे जास्त मजबूत' या समजुतीने ईएन२४ हे पोलाद आरपार कडक केलं, टेम्परिंगला काट मारली, की दात काचेसारखा होतो. एक ठोका आणि कोपरा उडाला. तिसरी चूक तर बिनखर्चाची असूनही राहून जाते : दाताच्या मुळाशी गोलाई न ठेवणं. तिथे टोकदार कोपरा राहिला की भेग नेमकी तिथूनच सुरू होते. आणि मशीनिंगला सोपं म्हणून साध्या ईएन८मध्येच लॉकर बनवला असेल, तर तो तुटत नाही. त्याचे दात घरच्या हातोडीच्या डोक्यासारखे पसरतात आणि लॉक सुटायचा थांबतो.

यातली एकही चूक देशाची नाही. प्रत्येक चूक मोजता येते, आणि मोजायला विमान पकडून मेलबर्नला जावं लागत नाही. प्रत्येक लॉटमधला एक नग बळी द्यायचा, आडवा कापायचा, पॉलिश करायचा आणि पृष्ठभागापासून आत आत हार्डनेस मोजत जायचं. विकर्स या दुसऱ्या मापाने ५५०च्या खाली जिथे आकडा उतरतो, तिथपर्यंतची खोली म्हणजे केस डेप्थ. धातूंची तपासणी करणाऱ्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये हे होतं. वीस नगांच्या लॉटमधला एक गेला म्हणजे किंमत पाच टक्क्यांनी वाढली. जो उत्पादक हे करतो आणि लॉट नंबर कोरलेला नग कागदासकट देतो, त्याचा माल घ्या. जो 'साहेब, आपला माल तुटला तर मिशी उतरवीन' म्हणतो, त्याची मिशी त्याच्याकडेच राहू द्या.

आता आयातवाल्यांनाही काही प्रश्न. 'इम्पोर्टेड' म्हणजे नक्की काय? १९८७ मध्ये रॉबर्ट्स डिफ-लॉकचं डिझाइन घेऊन ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीने जो एअर लॉकर, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा लॉकर, वाढवला, तो इम्पोर्टेड आहे. त्याची चीनमध्ये बनलेली बिननावाची नक्कलही इम्पोर्टेडच आहे. दोन्ही जहाजानेच येतात. चर्चेत गुण पहिल्याचे सांगितले जातात आणि खरेदी बऱ्याचदा दुसऱ्याची होते, कारण ती निम्म्या किमतीत मिळते. ज्याच्या पोलादाचा पत्ता नाही, सीलचा सुटा भाग नाही, तक्रार करायला दार नाही, असा नग भोसरीतल्या शेडपेक्षा बरा कशावरून? केवळ खोक्यावर मराठी नाही म्हणून?

नाव मोठं असलं की तुटत नाही, हेही खरं नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ट्रकांत १९७०च्या दशकापासून आलेल्या ईटन कंपनीच्या आपोआप लागणाऱ्या लॉकला तिथल्याच मेकॅनिकांनी 'गव्ह-बॉम्ब' असं नाव ठेवलंय. दोन चाकांच्या वेगात शंभरेक आरपीएमचा फरक पडला की आतला गव्हर्नर लॉक ओढतो. चालकाने तोवर पाय दाबून ठेवला असेल तर तो ठोका आत फुटतो. त्याच घराण्यातला मेकॅनिकल लॉक आपल्याकडे थारमध्ये आला, आणि व्यवस्थित वापरणाऱ्यांकडे तो वर्षानुवर्षं चालतो. चाक फिरायला लागलं की पाय हलका ठेवायचा, 'ठक्क' आवाज येऊ द्यायचा, मग हळू दाबायचं. ज्यांना हे कोणी सांगितलं नाही, त्यांच्या लेखी लॉकर खराब.

फिटमेंटचा प्रश्न तर आयातीच्या बाजूने कोणी धड मांडतच नाही. भारतीय गाड्यांचे अॅक्सल हे परदेशी घराण्यातले असले तरी इथे इतकी दशकं बनले, बदलले की नावावरून माल मागवणं म्हणजे जुगार. महिंद्राच्या गाड्यांची सुरुवात १९४०च्या दशकात विलीज जीप जोडण्यापासून झाली. आज जिला आपण अस्सल देशी म्हणतो, ती जीप मुळात परदेशी. 'डाना ४४' या एका नावाखाली १०, १९ आणि ३० स्प्लाइनचे शाफ्ट येतात. ऑर्डर देण्याआधी शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन मोजा, व्हर्निअरने व्यास घ्या, क्राउनचे बोल्ट मोजा, कॅरिअर, म्हणजे डिफरन्शियलचे गिअर धरणारा सांगाडा, आतल्या दोन छोट्या स्पायडर गिअरचा आहे की चार, ते बघा, आणि क्राउन-पिनियनचा रेशो कॅरिअरच्या कोणत्या टप्प्यात बसतो तेही. एवढं करूनही कस्टम्समधून सुटून आलेला नग बसला नाही, तर तो परत पाठवण्याचा खर्च कोण सोसणार? सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ओझं थोडं हललं. पण सीमाशुल्क, जहाजभाडं आणि वाट पाहणं तसंच आहे. इथल्या उत्पादकाला तुम्ही तुमचा शाफ्ट नेऊन देऊ शकता. तो त्यावर लॉकर बसवून दाखवू शकतो. महिंद्राच्या जुन्या एमएम५४० किंवा सीएलसारख्या गाड्यांसाठी हा फायदा नुसत्या किमतीपेक्षा मोठा आहे.

मग पुढच्या अॅक्सलला देशी का नको? इथे देशाभिमान्यांनी थोडं ऐकून घ्यावं. सध्या इथे बनणारे बहुतेक सुटे लॉकर हे आपोआप लागणाऱ्या जातीचे असतात, म्हणजे मूळ कॅरिअर ठेवून फक्त स्पायडर गिअरच्या जागी दोन जोड्या दातेरी चकत्या. किंवा सरळ स्पूल, म्हणजे कायमचा लॉक. मागे हे चालतं. वळणावर बाहेरचं चाक पुढे पळतं, चकती दातावरून उडी मारते, कट-कट आवाज येतो, टायर थोडा जास्त झिजतो, सवय होते. पण पुढे तेच बसवलं की फोर-व्हीलमध्ये स्टिअरिंग दगडासारखं होतं, सुटायला तयार नसतं. त्यात चाकं पूर्ण वळवलेली असताना सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या चाकाला फिरवणारा सांधा, आधीच सर्वांत कमजोर कोनात असतो, आणि लॉकर त्याच क्षणी दुप्पट टॉर्क त्याच्यावर ढकलतो. पूर्ण वळण, लॉक आणि अॅक्सिलरेटर, तिन्ही एकदम आले की जॉइंटचा पिंजरा फुटतो. म्हणून पुढे हवा तेव्हाच लागणारा लॉक पाहिजे. तसा, हवेच्या दाबावर चालणारा लॉकर बनवणं ही वेगळी विद्या आहे : फिरत्या कॅरिअरवर न फिरणारं सील-हाउसिंग, त्यात दोन ओ-रिंग, मधून सात बारच्या आसपासची हवा. तिथे शतांश मिलिमीटर इकडचा तिकडे झाला किंवा रिंगच्या खाचेची फिनिश खरखरीत राहिली की हवा तेलात आणि तेल हवेच्या नळीत. नळीतून हवेच्या सॉलेनॉइड व्हॉल्व्हपर्यंत गिअर ऑइल चढलेलं दिसलं की ओळखा, सील गेलं. हे अचूकपणे करू शकणारे कारखाने आपल्याकडे नाहीत असं नाही. या बाजारातल्या मोजक्या नगांसाठी ते वळत नाहीत, एवढंच.

यावर 'मग घेणाऱ्यांनी देशी घेतल्याशिवाय ते वळणार कसे?' असा सवाल येतो. सवाल चांगला आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. स्वदेशीच्या लाटेत लोकांनी एकेक पैसा जमवला आणि १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. पैसा देशप्रेमाचा होता, पण भट्टी देशप्रेमावर तापत नव्हती. तिथे काचकाम शिकवायला नेमलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तंत्र जपान आणि अमेरिकेतून शिकून आलेले होते, आणि त्या कारखान्याची खरी कमाई म्हणजे तिथे तयार होऊन बाहेर पडलेले कारागीर. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावेना, पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. त्या शेतकऱ्याला कोणी देशद्रोही म्हटलं नाही. नांगराने शेतात आपलं काम दाखवल्यावर त्याने तो घेतला. आज लॉकर बनवणाऱ्याला आपण काय देतोय? वाहवा देतोय, रील्स देतोय, 'मेक इन इंडिया'चा टॅग देतोय. केस डेप्थचा कागद मागत नाही. गिऱ्हाइकाने न मागितलेली चाचणी कुठला छोटा कारखानदार खिशातून करील? पुढच्या अॅक्सलचा देशी एअर लॉकर हवा असेल, तर मागच्या अॅक्सलच्या देशी लॉकरला आज कागद मागणं, हाच त्याचा रस्ता.

आणखी एक गोष्ट दोन्ही गट पार विसरतात : बसवणारा हात. कॅरिअर न बदलणारा लॉकर तुलनेने सोपा. त्यात बनवणाऱ्याने दिलेली चकत्यांमधली फट, जी बऱ्याच डिझाइनांत चार मिलिमीटरच्या आसपास असते, ती फीलर गेजने चारही बाजूंनी मोजायची. जास्त निघाली तर कॅरिअर किंवा थ्रस्ट वॉशर झिजलाय. तसाच बसवला तर दात अर्धेच गुंततात आणि मग 'देशी माल' तुटतो. पूर्ण कॅरिअर बदलणारा लॉकर असेल, मग तो एअर असो वा स्पूल, तर क्राउन-पिनियन पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, डायल गेजने क्राउनवर तीन-चार ठिकाणी मोजा, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरमध्ये हवा. बेअरिंगला प्रीलोड, म्हणजे ठरलेला दाब, द्या. दातांना मार्किंगची पेस्ट लावून क्राउन फिरवा आणि ठसा दाताच्या मधोमध पडतोय का बघा. ठसा मुळाकडे किंवा टोकाकडे सरकला तर पिनियनची शिम बदला, पुन्हा बांधा, पुन्हा बघा. यात अर्धा दिवस सहज जातो. 'हाताने हलवून बघितलं, बरोबर आहे' म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे लाख रुपयांचा ऑस्ट्रेलियन लॉकर दिलात, तर तो हजार किलोमीटरमध्ये रडायला लागेल आणि दोष देशी मिस्त्रीचा असूनही कोणी तो धरणार नाही, कारण खोकं फॉरेनचं होतं. क्राउनचे बोल्ट नवे, थ्रेड-लॉक लावून, टॉर्क रेंचने. तेल जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०.

खरं तर लॉकर घ्यायला निघालेल्यांपैकी कितीतरी जणांना त्याची गरजच नसते. काळ्या मातीच्या चिखलात चारही टायर गुळगुळीत गोळे झाले की लॉकर चारही गोळे एकसारखे फिरवतो, बस. तिथे टायरची नक्षी बघणं आणि त्यातली हवा कमी करणं जास्त कामाचं. जिम्नीत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांवर तो पुरतो. तिरक्या उतारावर तर लॉकर उलटा घातक : दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडी खालच्या अंगाला सरकते. ताम्हिणीच्या ओल्या वळणावर आपोआप लागणारा लॉकर मागे असेल आणि मध्येच अॅक्सिलरेटर सोडलात, तर मागचा भाग बाहेर येतो. रोज ऑफिसला नेत असलेल्या गाडीत स्पूल टाकणाऱ्याला कुठला देश वाचवणार? वॉरंटीतल्या गाडीत काही बदलण्याआधी कंपनीचं म्हणणं लेखी घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मूळ तपशिलातल्या बदलांबाबत कडक आहेत.

एवढं सगळं करून लॉकर बसवलात, तर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर डिफचं तेल काढा आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर बोट फिरवा. राखाडी, मऊ लेप आला तर नव्या दातांची ती घासणी आहे, पुसा आणि नवं तेल भरा. टोचणारी कीस किंवा चमकता पापुद्रा लागला तर गाडी तिथेच थांबवा, कव्हर उघडा, तुकडा कागदात गुंडाळून ठेवा आणि विकणाऱ्याला फोन लावा. 'कुठे चालवली होती? किती जोरात?' एवढंच तो विचारत राहिला, तर पुढचा लॉकर दुसरीकडून घ्या. 'लॉट नंबर सांगा आणि तुकडा पाठवून द्या, कापून बघतो' म्हणाला, तर त्याचा नंबर मोबाइलमध्ये नीट जपून ठेवा.